मुक्तीचे शिपाई आणि दगडावरची नावे

दरवर्षी २ ऑगस्टला दादरा-नगर हवेलीत मुक्तिदिन साजरा होतो. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा, म्हणजे आमच्या बोलीतले सेलवास, पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले. ध्वजवंदन होते, भाषणे होतात, मुलांना खाऊ वाटला जातो. सिल्वासाजवळच्या आमच्या गलोंड्याच्या परिसरातही हा दिवस असाच येतो आणि जातो. मात्र भाषणे संपली की एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, ज्यांनी सेलवास जिंकले ते सैनिक होते का?” प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ‘होते’ म्हणावे, तर त्यांना गणवेश नव्हता, पगार नव्हता, पलटणीची हजेरीपटावरची नोंद नव्हती. ‘नव्हते’ म्हणावे, तर बंदुकीच्या तोंडी उभे राहून त्यांनी जे केले, त्याला दुसरे नाव काय द्यावे?

या प्रश्नाशी आणखी एक प्रश्न जोडलेला आहे. गाव आपल्या लढवय्यांची आठवण कशी ठेवते? कोणाचे नाव दगडावर जाते आणि कोणाचे वाऱ्यावर जाते? आपल्यासारख्या दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसांनी तरी याचा विचार करायला हवा. आपल्याकडे माणसांची नावे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना वाटेत हरवण्याचा धोका अधिक असतो.

वीरगळ, पाळिया आणि संगमरवरी पाटी

लढाईत पडलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. महाराष्ट्रात त्याला वीरगळ म्हणतात. हा शब्दच मुळी सीमेवरचा! कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. तिकडचा ‘वीरगल्लु’ आपल्याकडे येऊन वीरगळ झाला. गुजरातेत आणि सौराष्ट्रात त्याच जातीच्या दगडाला पाळिया म्हणतात. कित्येक गावांच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर हे दगड शेंदूर माखून उभे असतात. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई आणि धारातीर्थी पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि सर्वांत वर सूर्य-चंद्र. सूर्य-चंद्र असेपर्यंत ही कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

पण बारकाईने पाहिले तर एक गोष्ट खटकते. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. कीर्ती राहिली, माणूस हरवला. गावकरी त्या दगडाला कोणा देवाच्या नावाने नारळ फोडतात, आणि हा कोण म्हणून विचारले तर हात जोडतात.

सामान्य शिपायाचे नाव दगडावर येण्याची गोष्ट आपल्याकडे बरीच अलीकडची. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीकडून लढताना पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. स्तंभावरचा लेख इंग्रजीत आहे आणि मराठीतही आहे. ती लढाई कोणी कोणाविरुद्ध केली यावर आजही वाद होतात. ते बाजूला ठेवले तरी साध्या शिपायाला नावानिशी स्मरणात ठेवण्याचा तो एक आरंभीचा प्रयत्न होता, एवढे मान्य करावे लागेल.

पुढे पहिले महायुद्ध आले. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शत्रूच्या हाती पडले, आणि उपासमारीतून वाचलेले कितीतरी शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. युद्ध संपल्यावर ज्या गावांतून पुष्कळ माणसे गेली होती तेथे इंग्रज सरकारने छोट्या पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. त्यांची आठवण गावात दगडावर आहे, आणि त्या गावाला आज सारे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या पार टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीलगत, शिरोळ तालुक्यातील टाकळी हे गावही पिढ्यान् पिढ्या फौजेत माणसे धाडत आले. त्याचे नावच ‘सैनिक टाकळी’ झाले. तिथेही हुतात्म्यांचे स्मारक आहे.

सरकारी पाटीवर आकडा असतो. घरच्यांना मात्र आकडा नको असतो, आपल्या माणसाचे नाव हवे असते. तरीही त्या शिपायांच्या मागे पलटण होती, पलटणीचे दफ्तर होते. आज शंभर वर्षांनीही कोणी शोधू म्हटले तर त्या दफ्तरात नाव, गाव, हुद्दा सापडू शकतो. आमच्या हवेलीची गोष्ट याहून निराळी आहे.

तह, सनदा आणि बहात्तर गावे

नगर हवेलीचा इतिहास सुरू होतो एका जहाजापासून. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. भरपाईचे भांडण चालले, आणि शेवटी १७७९ मध्ये पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्न येईल एवढी गावे पोर्तुगीजांना लावून द्यायचे ठरले. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेले. सगळी मिळून बहात्तर गावे. गावे दिली होती वसुलासाठी. पण पेशवाई बुडाल्यावर विचारणारा कोणी उरला नाही आणि पोर्तुगीज तिथले धनी होऊन बसले. १८८५ मध्ये सिल्वासा हे मुख्य ठाणे झाले. कागदोपत्री त्याचे नाव ‘विला दे पासो दे आर्कोस’! इथल्या वारली, कोकणा, धोडिया माणसाच्या जिभेवर ते नाव कधी बसले नाही.

या बहात्तर गावांना समुद्र नाही. दमणहून यायचे तर भारताच्या हद्दीतून यावे लागे, आणि दादरा व नगर हवेली यांच्यामध्येही भारताचीच जमीन. १९४७ नंतर ही भौगोलिक अडचण पोर्तुगीजांच्या मुळावर आली. गोव्याला हात घालण्याआधी ही तुटलेली कडी निखळवता येईल, हे ज्यांच्या ध्यानात आले ते गोव्याच्या आणि महाराष्ट्रातल्या तरुणांचे लहान लहान गट होते.

अकरा दिवसांची मोहीम

हे गट एका विचाराचे नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’मध्ये फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई होते. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांचा ‘आझाद गोमंतक दल’ सशस्त्र लढ्याच्या बाजूचा. पुण्याहून राजा वाकणकर आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण आले. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात १९४५ पासून गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा दिला होता. त्या मुलखातले कम्युनिस्ट कार्यकर्तेही आपल्या वाटेने या मोहिमेत उतरले. एरवी एका व्यासपीठावर न बसणारी ही माणसे एका पावसाळ्यात एकाच दिशेने चालली.

त्यांच्यात गायक होता, इतिहासाचा वेडा होता, शिक्षण अर्धवट टाकून आलेली पोरे होती. संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून घराघरांत पोहोचलेले बाबासाहेब पुरंदरे हे दोघेही या मोहिमेत होते. पैसा उभा करण्यासाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. गाण्याच्या तिकिटांतून मोहिमेचा खर्च उभा करणारी ही फौज! तिच्या जमाखर्चाची वही कुठल्या सरकारी दफ्तरात असणार?

२१ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंटची माणसे दादऱ्यात शिरली आणि पोलीस ठाण्यावर चालून गेली. उपनिरीक्षक अनिसेतो दो रोझारियो आपल्या जागेवरून हटला नाही आणि मारला गेला. २२ तारखेला दादरा मुक्त झाले. आपल्या विद्यार्थ्यांना हे सांगताना रोझारियोचे नाव गाळू नये, असे मला वाटते. तो चुकीच्या सत्तेच्या चाकरीत होता. पण पळून न जाता आपल्या ठाण्यावर मेला. वीरगळ कोरणाऱ्या आपल्या पूर्वजांना शत्रूच्या शौर्याची ओळख होती. ती आपण विसरू नये.

२८ जुलैला नरोलीची पाळी आली. आषाढी अमावास्या तोंडावर आलेली, रात्री काळ्याकुट्ट, आणि नदी दुथडी. अशा पाण्यातून आझाद गोमंतक दलाचे आणि संघाचे तरुण पलीकडे गेले आणि नरोलीचे ठाणे त्यांनी घेतले. आमच्या भागातल्या नद्या पावसाळ्यात कशा येतात हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगून कळणार नाही. पाण्याचा अंदाज नसलेला माणूस तिथे दिवसासुद्धा पाय घालत नाही. ज्यांना ही नदी ठाऊक होती अशा माणसांवाचून तो काठ गाठणे कठीण.

तिकडे सिल्वासात कॅप्टन फिदाल्गो याच्या हाताखाली सुमारे दीडशे शिपाई होते. भारत सरकारने आपल्या हद्दीतून पोर्तुगीज कुमक जाऊ दिली नाही, त्यामुळे दमणहून मदत येण्याची आशा नव्हती. फिदाल्गोने मुख्य ठाणे थोड्या शिपायांवर सोपवले आणि उरलेल्यांना घेऊन तो दक्षिणेला खानवेलच्या जंगलाकडे निघाला. २ ऑगस्टला, श्रावणाच्या पहिल्या दिवसांत, स्वयंसेवक सिल्वासात शिरले. ठाण्यावरचा पोर्तुगीज झेंडा उतरला आणि तिरंगा चढला. पावसात, चिखलात, अनोळखी जंगलात फिदाल्गोच्या तुकडीचे हाल झाले आणि ११ ऑगस्टला उधवा येथे तो भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. दादऱ्यापासून सिल्वासापर्यंत अवघे अकरा दिवस लागले. पावणेदोनशे वर्षांची सत्ता तेवढ्यात उठली.

हेगच्या न्यायालयात मोडीचे कागद

सिल्वासा घेतले, पण पुढे काय? हा मुलूख लगेच भारतात सामील झाला नाही. १९५४ ते १९६१ अशी सात वर्षे इथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालला. अप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले. पोर्तुगीजांच्या उरलेल्या टपाल तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचे इंग्रजी शिक्के मारून काही काळ तीच वापरली गेली.

२२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या गावांपर्यंत जाण्याचा आपला हक्क भारताने बुडवला, ही त्यांची तक्रार. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. न्यायासनावर भारताच्या वतीने न्या. मु. क. छागला होते. मग १७७९ चा तह आणि १७८३, १७८५ च्या सनदा बाहेर निघाल्या. पुणे दरबाराच्या त्या जुन्या शब्दांचा कीस युरोपातल्या न्यायमूर्तींसमोर पडला. ‘सरंजाम’ म्हणजे काय? वसुलाचा हक्क की राज्याचा हक्क? न्यायालयाने मान्य केले की मराठ्यांनी दिला तो फक्त महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजांच्या काळात मात्र पोर्तुगीजांची सत्ता मान्य केली गेली होती, असेही न्यायालयाने म्हटले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात साधी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला; पण फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क नाकारला गेला. आणि भारताने आपल्या कर्तव्याविरुद्ध काही केले नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

यातून शिक्षकाने मुलांसमोर ठेवावी अशी एक गोष्ट निघते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने नीट लिहून ठेवलेला एक शब्द त्या दिवशी कामी आला. कागद जपला की तो केव्हा उपयोगी पडेल ते सांगता येत नाही.

११ ऑगस्ट १९६१ रोजी घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने दादरा-नगर हवेली भारतात सामील झाली. त्यासाठी के. जी. बदलाणी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते इथले पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सामिलीकरणाच्या करारावर सही केली. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे.

दमणचे सैनिक, हवेलीचे शिपाई

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. १८ डिसेंबर १९६१ ला दमणवर चाल करून गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’. त्या लढाईतला जवान कोण होता, हे बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला विचारता येते. बेळगाव हेही आपल्यासारखेच दोन भाषांचे गाव. पलटणीला युद्धस्मारक आहे, वार्षिक मानवंदना आहे, विधवेला निवृत्तिवेतन आहे. हे सारे योग्यच आहे आणि असायलाच हवे.

पण दमणपासून काही कोसांवर, सात वर्षे आधी, ज्याने हवेली जिंकली त्याच्यामागे असे काही नव्हते. १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. त्यात तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा हा मुख्य आधार होता. हे तत्त्व चुकीचे नाही. पुराव्यावाचून सरकार चालत नाही. पण अकरा दिवसांत जो जिंकला, त्याला तुरुंगात जावेच लागले नाही. त्याने दाखला कुठून आणायचा? हरलेल्या लढाईचे कागद शत्रूच्या तुरुंगात तयार होतात. अशी जिंकलेली लढाई पुष्कळदा माणसांच्या तोंडीच राहते.

याच मोहिमेतले मोहन रानडे पुढे गोव्यात लढले, ऑक्टोबर १९५५ मध्ये पकडले गेले आणि गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून धडपडणाऱ्यांत त्यांचे हवेलीतले सोबती सुधीर फडके आघाडीवर होते. सोबत्याला न विसरणे हा शिपाईधर्म. या माणसांना सैनिक म्हणावे की नाही, याचे उत्तर मी विद्यार्थ्यांना या गोष्टीतून देतो.

फडके २००२ मध्ये गेले, रानडे २०१९ मध्ये, पुरंदरे २०२१ मध्ये, लताबाई २०२२ मध्ये. त्यांची नावे राहतील, कारण ती इतर कर्तृत्वानेही मोठी होती. चिंता आहे ती उरलेल्यांची. ज्याने अंधारात वाट दाखवली, ज्याने घरात चार दिवस भाकरी दिली, ज्याने ठाण्यावर शिपाई किती आहेत ते सांगितले. अशा माणसांशिवाय कोणतीही मोहीम पार पडत नाही. आज त्यांची नातवंडे सिल्वासा-खानवेलच्या कारखान्यांत कामाला जातात. सिल्वासातल्या शहीद चौकात रोज रिक्षा थांबतात आणि ‘शहीद चौक’ हा एक पत्ता होऊन जातो.

दुभाषी गावाचे काम

इथे आपल्यासारख्या दुभाषी कुटुंबांना करण्याजोगे काही आहे. आमच्याकडे एकच माणूस घरात ‘जान्या’ असतो, गुजराती कागदात ‘जानियाभाई’ होतो आणि पोर्तुगीज दप्तरात रोमन लिपीतले आणखीच काहीतरी. तिन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे ओळखायला तिन्ही भाषांच्या वासाचा माणूस लागतो. पुण्याच्या संशोधकाला ते जमणार नाही, दिल्लीच्या तर नाहीच. ते आपल्यालाच जमेल.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने एक वही घालावी. पहिल्या रकान्यात नाव, घरी हाक मारतात तसे. मग गाव आणि पाडा. मग त्याने काय केले. आणि शेवटच्या रकान्यात ही गोष्ट कोणी, कोणत्या तारखेला सांगितली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले वेगळे लिहावे. जुळत नसेल तर दोन्ही लिहावे, आपल्या मनाने एक खोडू नये. कोणत्या पक्षाचा, कोणत्या संघटनेचा हा प्रश्न नाव लिहिण्याआधी विचारू नये. जुनी पत्रे, छायाचित्रे, वरिष्ठ पंचायतीच्या काळातल्या पावत्या ट्रंकेत असतील तर त्या वाळवीच्या आधी माणसाच्या हाती पडू द्याव्यात. १९५४ मध्ये जो पंधरा वर्षांचा होता तो आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्याच्यापाशी बसायला पुढच्या दिवाळीची वाट पाहू नये.

वही भरली की दगडाचे बघता येईल. तो मोठा नसला तरी चालेल. अपशिंग्याची कीर्ती दगडाच्या उंचीमुळे झालेली नाही. त्यावर नावे मराठीत आणि गुजरातीत, दोन्ही लिपींत असावीत. आणि नावांच्या खाली थोडी जागा कोरी ठेवावी. उशिरा सापडलेल्या माणसाला ती लागेल.